फलक ग्राह्य धरावा

गावाला चुना लावणारी एवढी सरळ बाई दुसरी सापडायची नाही. अठ्ठावीस वर्षं लावतेय, राजरोस, भर उन्हात, हातात बादली आणि कुंचा घेऊन. म्हणूनच तिचं नाव पडलं चुनाकाकू. खरं नाव तिच्या नवऱ्याला काय ते ठाऊक, आणि तोही हाक मारताना 'अगं ए' म्हणतो.

बंदरापासून दीपगृहापर्यंत कड्यावरून नऊ किलोमीटरची पायवाट जाते. डाव्या हाताला शेतं, दगडी बांध, काटेरी झुडपं; उजव्या हाताला थेट समुद्र, तोही चांगला पाच मजले खाली. या वाटेच्या कडेनं दर चाळीस-पन्नास पावलांवर एक पांढरा दगड दिसतो. तो काकूनं उचललेला, काकूनं ठेवलेला आणि काकूनंच रंगवलेला. तिला कुणी सांगितलं होतं? कुणीही नाही. कुणी थांबवलं? तेच तर सांगायचंय.

सुरुवात झाली दीपगृहापासून. काकू तिथं काचा पुसायला आणि झाडलोट करायला जायची. सकाळी जायचं, दुपारी परतायचं. धुकं असलं की स्वतःचा हात स्वतःला दिसायचा नाही. दोनदा ती चुकून पार कडेपर्यंत गेली. तिसऱ्यांदा चपलेखालची माती सुटून खाली गेली, आणि ती पडल्याचा आवाज यायला इतका वेळ लागला की काकू तिथंच मटकन बसली. दुसऱ्या दिवशी तिनं घराच्या भिंतीसाठी भिजवलेला चुना उचलला आणि वाटेवर नेला. भिंत त्या वर्षी तशीच राहिली. नवरा कुरकुरला. पण तो होड्यांची इंजिनं दुरुस्त करणारा माणूस, आयुष्यभराच्या धडधडीनं त्याचे कान गेलेले. स्वतःचीच कुरकुर त्याला नीट ऐकू यायची नाही, तर दुसऱ्यानं काय ऐकावी!

पुढे दीपगृहाचा दिवा आपला आपण लागायला आणि विझायला लागला. काकूचं काम सुटलं. पण तोवर वाट लोकांची झाली होती. पाठीवर पिशव्या अडकवलेली माणसं यायला लागली, सायकलवाले यायला लागले, नवी लग्न झालेली जोडपी यायला लागली, आणि सगळे पांढरे दगड बघत बघत चालायचे. मग सोडणार कसं? काकूनं सोडलं नाही.

आता इथं एक गोष्ट नीट ध्यानात घ्या, कारण पुढचं सगळं भांडण तिच्यावरूनच आहे. ही वाट जागची हलते. समुद्र कड्याला खालून पोखरतो. वरचं गवत मात्र हिरवंगार, जसं काही झालंच नाही. म्हणून पावसाळा सरला की काकू चपला काढून हातात घेते आणि नऊच्या नऊ किलोमीटर टाच मारत जाते. उजवी टाच, पाच पावलांवर एकदा. खाली जमीन भरीव असली की आवाज येतो 'ठक'. पोकळ असली की येतो 'ढब'. 'ढब' आला की काकू तो दगड उचलते आणि आत सरकवते, दोन पावलं, चार पावलं, पुन्हा 'ठक' येईपर्यंत. मग चुन्याचा नवा हात. अठ्ठावीस वर्षांपूर्वीची तिची पहिली वाट आज समुद्रात आहे, अख्खीच्या अख्खी. तिच्या दगडांवर भरवसा ठेवून चाललेलं एकही माणूस मात्र समुद्रात गेलेलं नाही.

चुकली ती एकदाच. एका अरुंद जागी लोकांनी पायाखाली बघून चालावं, म्हणून तिनं मोठ्या दगडावर चुन्यानं लिहिलं, 'वाट पाहा'. झालं! सायकलवरून आलेलं एक म्हातारं जोडपं ते वाचून दगडाशेजारी बसलं. दोन तास बसलं. कुणीतरी न्यायला येणार असेल, अशी त्यांची समजूत. काकू परत येताना भेटली तेव्हा आजोबांनी घड्याळ दाखवून विचारलं, "अजून किती वेळ पाहायची?" पुढे वर्षभर बंदरावर काकू दिसली रे दिसली की कुणीतरी हात कपाळावर धरून लांब बघत उभं राहायचं. काकू म्हणायची, "बघा बघा, तुमच्या मेंदूचीच वाट बघताय, तो काही येत नाही." पण तेव्हापासून तिनं दगडावर एक अक्षर लिहिलं नाही.

काकूला मुलगी एकच. अकरा वर्षांपूर्वी तिचं लग्न झालं, आणि जावई मिळाला तो मोजणीच्या कामातला. पर्यटन कार्यालयात नकाशे काढतो. सरळ माणूस, हळू बोलणारा, ताटात वाढलेलं सगळं संपवणारा. काकू त्याला पहिल्या दिवसापासून 'जावईबापू' म्हणायची आणि 'तुम्ही'वरून खाली कधी उतरली नाही. जगाला अरे-तुरे करणारी बाई, साहेबालाही बोटानं हाक मारणारी, पण जावई घरात आला की पदर सारखा करायची आणि तिच्या तोंडून 'बसा', 'घ्या', 'दमला असाल' असलं मऊ मऊ निघायचं. मुलगी हसून हसून बेजार व्हायची.

तीन वर्षांपूर्वी जावईबापू खांबावर बसवलेलं एक यंत्र घेऊन आले. म्हणाले, "आई, तुमच्या वाटेचा नकाशा करायचाय. तुम्ही पुढे चला, मी मागून येतो." चार दिवस दोघं चालली. प्रत्येक पांढऱ्या दगडाशी जावई थांबायचा, यंत्र टेकवायचा, आकडे टिपायचा. काकू तेवढ्यात भाकरी सोडायची. इतका अभिमान वाटला होता तिला! दिसेल त्याला सांगायची, माझे दगड कागदावर चाललेत. तिला वाटलं, हा यंदाचा नकाशा. पुढच्या वर्षी दगड सरकले की पुढच्या वर्षीचा होईल. जावयाला वाटलं, हा नकाशा. दोघांनीही एकमेकांना विचारलं नाही, कारण ज्याला त्याला आपलंच सरळ वाटत होतं.

आणि यंदा फलक आले.

ट्रक भरून आले. निळे, चकचकीत, लोखंडी खांबांवर, खाली सिमेंटचे ठोकळे. पायवाटेची आता 'सागरी पदभ्रमण व सायकल मार्ग' अशी बढती झाली होती. खडी पसरली, रूळ फिरवला. मंगळवारी काकू दीपगृहाच्या बाजूनं चुन्याचा हात मारत येत होती. घोड्याच्या पाठीपाशी पोचली आणि थबकली. घोड्याची पाठ म्हणजे वाटेवरचा सगळ्यात उंच उंचवटा. समुद्र दोन्ही बाजूंनी दिसतो, सगळे तिथं थांबून फोटो काढतात. गेल्या तीन वर्षांत काकूनं तिथले दगड नऊ पावलं आत आणले होते. आणि निळा फलक उभा होता जुन्या जागी. नऊ पावलं समुद्राकडे. नवी खडीही तिथूनच गेलेली.

काकूनं चपला काढल्या. फलकाच्या बुंध्याशी टाच मारली. ढब. दोन पावलं अलीकडे. ढब. रिकाम्या पिंपावर मारावी तशी.

मग तिनं फलक वाचला. वर मार्गाचं नाव, खाली बाण, किलोमीटर, सायकलचं चित्र. आणि सगळ्यात तळाला, बारीक अक्षरात: 'मार्गावर काही ठिकाणी चुन्याने रंगवलेले अनधिकृत दगड आढळतात. फलक व दगड यांत तफावत आढळल्यास फलक ग्राह्य धरावा.'

तिनं ती ओळ तीनदा वाचली. तळपायाची आग मस्तकात गेली, आणि ती काही उगाच नाही. अनधिकृत! दगड म्हणे अनधिकृत! ज्या दगडांवरून तुम्ही तुमचा नकाशा उतरवलात, चार दिवस ज्यांच्या मागून चाललात, ते दगड एका ओळीत चोर झाले? आणि ज्याला टाच नाही, कान नाही, ज्याला आपल्या पायाखाली काय आहे हे ठाऊक नाही, तो पत्रा खरा? काकू फलकाशी मोठमोठ्यानं भांडली. फलक काही बोलला नाही.

संध्याकाळी मुलगी, जावई आणि नऊ वर्षांची नात जेवायला आली. नातीच्या अंगात वारं शिरलं होतं. रविवारी मार्गाचं उद्घाटन, दोनशे सायकली बंदरातून सुटणार, आणि शाळेतली मुलं सगळ्यात पुढे. "आजी, मी पहिल्या ओळीत! घोड्याच्या पाठीवर फोटो काढणारेत आमचा!"

काकूच्या हातातला डाव आमटीत पडला.

आता जावयाला सरळ बोलायची सोय नाही. अकरा वर्षांची सवय. मग काकूनं मुलीच्या तोंडाकडे बघून सुरुवात केली. "जावईबापूंना म्हणावं, घोड्याच्या पाठीवरचा फलक नऊ पावलं चुकलाय."

मुलगी म्हणाली, "अगं, ते समोरच बसलेत."

"म्हणावं, खाली पोकळ आहे."

जावई हळूच म्हणाला, "आई, फलक नकाशाप्रमाणे आहे. आणि नकाशा तुमच्याच दगडांप्रमाणे आहे."

"म्हणावं, तीन वर्षांपूर्वीच्या दगडांप्रमाणे!" काकूचा आवाज चढला. "म्हणावं, दगड सरकलेत. आणि ते अनधिकृत कुणी लिहिलं, तेही विचार."

जावयानं ताटात बघितलं. "ती ओळ साहेबांनी घातली, आई. सगळीकडे एकसारखं हवं म्हणाले. लोक गोंधळतात."

"लोक गोंधळतात!" काकू म्हणाली. "दोनशे सायकली एकदम त्या पोकळीवर उभ्या राहिल्या की कुणी गोंधळणार नाही. सगळे नीट खाली जातील, ओळीनं."

"आई, मुलीसमोर काय बोलतेस!" लेक ओरडली. काकूच्या नवऱ्याला यातलं काहीच ऐकू आलं नाही. त्यानं आमटी मागितली.

दुसऱ्या दिवशी काकू कार्यालयात गेली. पहिल्या मजल्यावर, लांब टेबल, फिरणारी खुर्ची, भिंतीवर तिच्या वाटेचा भलामोठा रंगीत नकाशा. साहेब तसे गोड. पाणी विचारलं, बसायला सांगितलं. काकूनं सगळं सांगितलं, पोकळ, भरीव, नऊ पावलं. साहेबांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण हे तुम्ही मोजलंत कशानं?"

"टाचेनं."

साहेब हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं. ते समजूतदारपणे मान हलवत राहिले, आणि असल्या समजूतदारपणाइतका पाणउतारा दुसरा नाही. म्हणाले, "काकू, तुमच्या सेवेबद्दल आम्हाला आदर आहे. पण टाच हे काही प्रमाण नाही. फाइलला टाच लावता येत नाही. आणि बरं, खुणांच्या बाबतीत तुमचा तो 'वाट पाहा'चा प्रकार..."

वीस वर्षांपूर्वीचा तो दगड! तोही त्यांच्यापर्यंत पोचला होता. घोड्याच्या पाठीवरची पोकळी पोचली नाही, आणि हे मात्र पोचलं.

"साहेब," काकू उठत म्हणाली, "माझं ते चुकलं म्हणून दोन म्हातारी माणसं दोन तास सावलीत बसली. तुमचं हे चुकलं तर बसायलाही कुणी उरणार नाही."

"इतकी वर्षं पडलं नाही ना ते?"

"पडलं की! सगळं पडलंय. मी दगड आत घेतले म्हणून तुम्हाला दिसलं नाही." तिनं भिंतीवरच्या नकाशाकडे बोट केलं. "आणि हा नकाशा तुम्ही भिंतीवर लावलात हेच बरं केलंत. चालायच्या कामाचा तो उरलेला नाही."

जावई दारापाशीच्या टेबलावर बसला होता. सगळं ऐकत होता. मान वर केली नाही त्यानं. काकूला साहेबापेक्षा त्या न उठलेल्या मानेचा राग जास्त आला. माणसानं गोड असावं, पण इतकं? जिभेवर साखर आणि पाठीत कणाच नाही, असला गोडवा घेऊन करायचं काय?

रविवारी सकाळी सात वाजता काकू घोड्याच्या पाठीवर गेली. चुन्याची बादली नव्या खडीवर बरोब्बर मधोमध पालथी घातली आणि तिच्यावर बसली. बसली ती पोकळीच्या अलीकडे, भरीव जमिनीवर. मरायची हौस तिला नव्हती, राग आला म्हणून अक्कल सोडायची नसते. वारं होतं. समुद्र खाली आपल्या कामात होता. साडेआठला बंदराकडून शिट्ट्या आणि घंट्या ऐकू यायला लागल्या.

सगळ्यांच्या पुढे, रस्ता मोकळा आहे ना बघायला, जावई एकटा सायकलवर आला. गळ्यात शिट्टी, छातीवर बिल्ला. काकूला बघून त्याचा चेहरा पडला.

"आई, हे काय! उठा. पाच मिनिटांत मुलं येतील."

"येऊ द्या. पुढे जाऊ देणार नाही."

"आई, साहेब आहेत मागे. पाहुणे आहेत. माझी नोकरी आहे. उठा ना, मी पाया पडतो."

"पाया नका पडू, जावईबापू. त्याच पायानं टाच मारा. एवढंच सांगतेय मंगळवारपासून."

जावयानं सुस्कारा टाकला. दोन्ही हातांनी तिला उठवायचं, तर सायकल कुठंतरी टेकवायला हवी. तो तिला वळसा घालून पुढे गेला, फलकाकडे, सायकल फलकाला टेकवायला. एक पाऊल, दोन, चार. काकू बघत राहिली. सहाव्या पावलाला तिला त्याच्या बुटाचा आवाज ऐकू आला. वाऱ्यातून, घंट्यांतून ऐकू आला. आणि फलकाच्या सिमेंटच्या ठोकळ्याशेजारी गवतात बोटभर रुंदीची एक काळी रेघ होती, जी मंगळवारी नव्हती.

"मागे हो!" काकू किंचाळली. "मागे हो, गाढवा! तिथून मागे हो म्हणते ना तुला!"

जावई जागच्या जागी गार झाला. अकरा वर्षांत हे तोंड त्यानं इतरांसाठी उघडलेलं पाहिलं होतं, स्वतःसाठी कधी नाही. भीती कड्याची वाटली की सासूची, देव जाणे. पण तो सायकल तिथंच टाकून मागे आला, उलट पावली, एकेक करत.

"थांब. आता मार टाच."

"आई..."

"मार म्हणते!"

त्यानं टाच मारली. ढब.

"अजून एक पाऊल मागे ये. मार."

ढब.

"ये. मार."

असं करत तो तिच्या पांढऱ्या दगडापर्यंत आला. तिथं त्यानं टाच मारली आणि आवाज आला ठक. त्यानं पुन्हा मारली. ठक. मग तो वळून त्या नऊ पावलांकडे बघत राहिला, जिथं त्याची सायकल आडवी पडली होती आणि तिचं मागचं चाक अजून फिरत होतं. तोंडावरचा रंग पार उडालेला. "पहिल्या ओळीत आहे ती," तो म्हणाला. एवढंच म्हणाला.

पहिल्या सायकली उंचवट्याच्या खालच्या वळणावर दिसायला लागल्या होत्या. जावयानं शिट्टी तोंडात धरली आणि अशी फुंकली की बांधावरचे पक्षी उडाले. धावत खाली गेला, दोन्ही हात पसरून वाट अडवली, आणि सगळी रांग डावीकडे वळवली, पांढऱ्या दगडांच्या आतून, गवतातून. नात घंटी वाजवत गेली. "आजी, फोटो कुठं काढायचा?" काकूनं बोट दाखवलं, "पुढे, दीपगृहापाशी. तिथं खाली खडक आहे, अस्सल."

तुम्हाला वाटेल, संपलं. मलाही तेव्हा तसंच वाटलं होतं. पण कार्यालयं अशी संपत नाहीत. दुपारच्या भाषणात साहेब म्हणाले की तांत्रिक कारणास्तव मार्गात किंचित बदल करण्यात आला, त्याबद्दल क्षमस्व. तांत्रिक कारण! त्या तांत्रिक कारणाला त्या वेळी मांडवात खुर्चीही नव्हती. ते मागे उभं राहून ऐकत होतं, हाताला चुना लागलेला. आणि घोड्याच्या पाठीवर एक दोरी बांधली, झालं. फलक तसाच. ओळ तशीच. नकाशा तसाच, हजारोंनी छापलेला, लोकांच्या फोनमध्ये गेलेला. दोरी चार दिवसांत वाऱ्यानं सुटली. काकूनं पुन्हा बांधली. पुन्हा सुटली.

पुढच्या रविवारी जावई एकटाच घरी आला. काकूनं पाट मांडला नाही, पदर सारखा केला नाही, पाणी विचारलं नाही. भांडी घासत राहिली. तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला.

"आई, त्या दिवशी तुम्ही मला तू म्हणालात."

"गाढवही म्हणाले."

"तेही ऐकलं." तो जरासा हसला. "मला तूच म्हणत जा आता. बरं वाटलं."

काकूनं पातेलं आदळलं. "बरं वाटलं! तुम्हाला बरं वाटलं, साहेबांना बरं वाटलं, सगळ्यांना बरं वाटलं. आणि उद्या कुणी परका माणूस, कुणाची तरी लेक सायकलवर बसवून, तो नकाशा हातात धरून येईल. दोरी सुटलेली असेल. डावीकडे माझा दगड दिसेल, उजवीकडे तुमचा फलक. तो काय करील? फलक वाचील. शहाणा माणूस असेल, तळाची बारीक ओळही वाचील. आणि शहाण्यासारखा मरेल. ठाऊक आहे ना तुम्हाला? टाच मारून ऐकलंत ना? मग अहवालात का नाही लिहिलंत?"

"लिहिलं होतं. साहेबांनी ते वाक्य काढलं."

"मग पुन्हा लिहा. कागदावर लिहू देत नसतील तर जिथं लोक वाचतात तिथं लिहा. ती ओळ खोडून ये आधी, मग करू तू-मीच्या गप्पा."

तो बघत राहिला. 'ये' म्हणाली होती ती, 'या' नव्हे, पण तिच्या ते लक्षातही आलं नसावं. तिनं मोरीशेजारची बादली पायानं त्याच्याकडे सरकवली. अर्धी भरलेली होती. कुंचा आत.

बंदरावर अजूनही सांगतात, सासूनं जावयाला चुना लावला. हसणाऱ्यांनी हसावं. त्या दिवशी दुपारी मोजणीचा तो हळू बोलणारा माणूस नऊ किलोमीटर चालला. वाटेवर असे एकवीस फलक होते, आणि एकवीसही ठिकाणी तीच ओळ. प्रत्येक ठिकाणी त्यानं 'अनधिकृत' या शब्दावर चुन्याचा हात मारला, आणि शेवटच्या वाक्यातल्या दुसऱ्या 'फलक'वरही. चुना वाळल्यावर त्या 'फलक'च्या जागी काळ्या रंगानं लिहिलं, 'दगड'. आता वाचावं तर असं: फलक व दगड यांत तफावत आढळल्यास दगड ग्राह्य धरावा. घोड्याच्या पाठीवरच्या फलकाला मात्र त्यानं हात लावला नाही, कारण तिथं जाऊन उभं राहणं आता त्याला जमेना. त्याच्या अलीकडे, दोन दगडांच्या मध्ये, त्यानं फळी ठोकली: पुढे जमीन पोकळ आहे.

तिसऱ्या दिवशी कार्यालयानं त्याच्याकडे खुलासा मागितला. शासकीय फलक विद्रूप का केले, कोणत्या प्रमाणाच्या आधारे केले, सात दिवसांत लेखी कळवावे. मुलगी रडली. काकूचा नवरा मोठ्यानं म्हणाला, "काय झालं?" आणि कुणी सांगेना म्हणून पुन्हा इंजिनाकडे गेला. जावयानं दोन दिवस कागद पुढे घेऊन काढले. मग एक ओळ लिहिली आणि पाठवायच्या आधी सासूला दाखवायला घेऊन आला.

काकूनं हात पुसले. चष्मा लावला. खिडकीपाशी उजेडात जाऊन वाचलं: 'कृपया जागेवर येऊन टाच मारून पाहावी.'

खाली त्याची सही होती, हुद्द्यासकट, ठसठशीत. काकूनं ते पुन्हा वाचलं. त्याला वाटलं, हिचे डोळे भरले की काय. तिनं कागद परत त्याच्या हातात दिला.

"बाकी सगळं बरोबर लिहिलंयस," ती म्हणाली. "फक्त ते 'कृपया' कशाला घातलंस?"